मांजरीच्या पिलाचे वळण

पावसाळ्याच्या तोंडावर शहरातील एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली मांजरीचे पिलू सापडते आणि मुलांच्या हट्टापुढे घरातील वडील माणसांचे काही चालत नाही. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. बशीतून दूध मिळते, जुन्या लुगड्याची घडी अंथरायला मिळते, नाव काय ठेवावयाचे ह्यावरून भावंडांत भांडण होते. तिसऱ्या दिवशी अंथरुणावर एक ओला डाग दिसतो, चौथ्या दिवशी कपाटामागून दुर्गंधी येऊ लागते, आणि ज्या घराने त्या जिवाला आश्रय दिला त्याच घरात त्याच्यावर खटला उभा राहतो. निकाल बहुधा ठरलेला असतो. पिलाला पिशवीत घालून मंडईजवळ किंवा नदीपलीकडे नेऊन सोडावयाचे. मांजरीण आपल्या पिलांना सात घरे फिरविते अशी समजूत महाराष्ट्रात घरोघर आहे. परंतु माणसाने उचलून आणलेल्या पुष्कळ पिलांना सातवे घर काय, दुसरे घरही लाभत नाही.

सहा आठवड्यांच्या पिलाला असे सोडून देणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे. त्याला शिकार येत नाही, कुत्र्यापासून पळता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही. उपाशी मरावे अशा स्थितीत पाळलेले जनावर टाकून देणे हा भारतातील १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यान्वये अपराधही आहे. म्हणजे वरवर पाहता क्षुल्लक व काहीशा लाजिरवाण्या वाटणाऱ्या ह्या प्रश्नावर त्या पिलाचे जगणे अवलंबून असते. आणि चमत्कार असा की, ज्या गुन्ह्यासाठी त्याला घालवून देण्यात येते त्या बाबतीत सर्व पाळीव प्राण्यांत मांजराइतका शिकविण्यास सोपा दुसरा प्राणी सापडणे कठीण. किंबहुना त्याला शिकवावयाचे असे फारच थोडे असते. शिकावयाचे असते ते घरातील माणसांना.

हे असे का, हे समजण्यासाठी मांजराच्या कुळाकडे पाहावे लागते. आज घरोघर दिसणारे मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशिया ह्या प्रदेशांतील रानमांजराच्या एका पोटजातीपासून उत्पन्न झाले, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने स्पष्ट केले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचेही दफन केलेले आढळले, तेव्हा माणसाशी त्याचा सहवास निदान तितका जुना आहे. ज्या कोरड्या, वालुकामय प्रदेशांत हे कूळ वाढले तेथे पाणी दुर्मिळ असल्यामुळे त्याच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची विशेष शक्ती आली. म्हणूनच मांजराचे मूत्र थोडे, दाट व उग्र वासाचे असते. अशा उग्र वासाचा माग काढीत शत्रू येऊ नये आणि सावजही सावध होऊ नये, म्हणून मऊ माती उकरून त्यात विसर्जन करावयाचे आणि वरून ती पुन्हा सारावयाची, ही सवय त्या कुळात रुजली असावी असे मानतात. माणसाच्या घरी येऊन मांजराने पुष्कळ गोष्टी सोडल्या, परंतु ही सोडली नाही. तेव्हा स्वच्छतेची ओढ मांजर बरोबर घेऊनच येते. शहरातील फरशीच्या घरात त्याला जे सापडत नाही ते म्हणजे माती.

आता पिलाच्या वाढीचा क्रम पाहिला म्हणजे वळण लावण्याची योग्य वेळ कोणती हे आपोआप कळून येते. पिलू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत उघडतात. ह्या काळात त्याला आपण होऊन मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई पोटाचा मागचा भाग चाटते तेव्हाच ती क्रिया घडते, आणि जे बाहेर पडते ते आईच गिळून टाकते. त्यामुळे पिलांची जागा कोरडी व निर्गंध राहते. सुमारे तीन आठवडे हा क्रम चालतो. आई गमावलेले अगदी लहान पिलू कोणी वाढवावयास घेतले, तर आईचे हे काम त्या माणसाला करावे लागते. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने तो भाग हलकेच पुसावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे, वेळच्या वेळी दूध मिळूनही आईवेगळी पिले दगावतात.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिलू आपले आपण विसर्जन करू लागते आणि निजण्याच्या जागेपासून दूर सरकून काहीतरी उकरण्याचा प्रयत्न करते. आईला पाहून ते पुष्कळ शिकते हे खरे. परंतु आईवाचून वाढलेली पिलेही मऊ, भुसभुशीत माती समोर येताच उकरू लागतात, ह्यावरून ही प्रेरणा उपजत आहे हे उघड होते. मात्र एक गोष्ट उपजत नसते, ती म्हणजे नेमक्या कोणत्या पदार्थावर बसावयाचे ही. पंजांना प्रथम जो स्पर्श परिचयाचा होतो त्याची आवड पिलाच्या मनात घर करते. ह्या दिवसांत वाळू मिळाली तर ते वाळू शोधते. वाळू न मिळता गोधडी, पायपुसणे किंवा धुण्याचा ढीग मिळाला तर तोच मऊ स्पर्श त्याला योग्य वाटू लागतो. म्हणून पिलू घरी येण्यापूर्वीच त्याच्या जागेची तयारी असावी. आधी पिलू, मग गादीवरचा डाग आणि मग वाळूचा शोध, हा नेहमीचा क्रम उलटा आहे.

ही तयारी खर्चाची नाही. एक पसरट ट्रे पुरे. पाच-सहा आठवड्यांच्या पिलासाठी त्याची कड सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, कारण ज्या कडेवरून पिलाला चढता येत नाही त्या ट्रेच्या शेजारीच ते बसणार. ठेंगण्या कडेचा जुना चहाचा ट्रे चालतो. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरला तरी पहिल्या महिन्याची सोय होते. त्यात वाळू किंवा तत्सम पदार्थ ३ ते ४ सेंटिमीटर उंचीचा पसरावा. पुढे मांजर वाढले म्हणजे ट्रेही वाढला पाहिजे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट लांबीचा ट्रे असावा असा ढोबळ नियम आहे. पिलासाठी घेतलेल्या इवल्या ट्रेमध्ये वर्षाच्या बोक्याला फिरता येत नाही, त्याचे मागचे पाय आत आणि बाकीचा सगळा कारभार बाहेर होतो, आणि दोष मात्र बोक्याच्या पदरी पडतो.

ट्रेमध्ये काय घालावयाचे ह्याचा इतिहास मनोरंजक आहे. पूर्वी आपल्याकडे आणि परदेशांतही चुलीतील राख, लाकडाचा भुसा किंवा साधी वाळू वापरीत. राख वास धरून ठेवते, परंतु तिचे ठसे घरभर उमटतात. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅसोपोलिस ह्या गावी एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे त्याची एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागावयास आली. लोच्या वडिलांचा धंदा कारखान्यांतील सांडलेले तेल टिपून घेणारे पदार्थ पुरविण्याचा होता. लोने तिला वाळूऐवजी भाजलेल्या शोषक मातीचे दाणे दिले. ती माती मूत्र शोषून घेते, वास कमी करते आणि पंजांना फारशी चिकटत नाही असे आढळून आल्यावर शेजारीण पुनःपुन्हा येऊ लागली. तेव्हा लोने त्याच मातीच्या पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून पासष्ट सेंटांना विकावयास काढल्या. वाळू जवळजवळ फुकट मिळत असता माती कोण विकत घेणार, अशी शंका दुकानदाराला होती. ती खोटी ठरली आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. लोने दिलेली ती माती म्हणजे मराठी घरांत चेहऱ्याला व केसांना लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जाणारी मुलतानी माती ज्या जातीची, त्याच जातीची होय. तेल व ओल शोषून घेण्याचा गुण दोहोंत एकच.

आज बाजारात मिळणारे बरेच पदार्थ बेंटोनाइट नावाच्या दुसऱ्या एका मातीचे असतात. ही माती भारतात कच्छ व राजस्थानात निघते. पाणी लागताच ती फुगते आणि तिचा गोळा बनतो, त्यामुळे ओला भाग तेवढा उचलून टाकता येतो. मोठ्या मांजरासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु लहान पिलू प्रत्येक नवी वस्तू तोंडात घालून पाहते, आणि फुगणारी माती पोटात गेल्यास तेथेही गोळा होण्याचे भय असते. म्हणून पिलू तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत गोळा न होणारी माती, स्वच्छ धुऊन वाळविलेली वाळू किंवा दाबून केलेल्या लाकडी भुशाचे दाणे वापरणे शहाणपणाचे. सुगंधी पदार्थ घातलेली माती टाळावी. तो सुगंध माणसाच्या समाधानासाठी असतो; मांजराच्या तीक्ष्ण नाकाला तो असह्य होऊन ते ट्रेकडे पाठ फिरविते.

ट्रे कोठे ठेवावा हा प्रश्न दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सर्वांत अवघड. न्हाणीघर सोयीचे वाटते, परंतु तेथे फरशी सदा ओली असते, भिजलेल्या वाळूत मांजर पाय ठेवीत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचे दार माणसे लावून घेतात. गॅलरीत पावसाची झड येते, रात्री तिचेही दार बंद होते, आणि गजांमधून लहान पिलू खाली पडण्याचा धोका असतो. धुलाईयंत्राशेजारी ठेवला तर एके दिवशी ते यंत्र अचानक घरघरते आणि घाबरलेले पिलू पुन्हा तिकडे फिरकत नाही. जेवणाच्या बशीजवळ तर तो मुळीच ठेवू नये. खाण्याच्या जागी घाण करावयाची नाही हा मांजराचा स्वतःचा धर्म आहे. जागा कोरडी, शांत, दिवसरात्र उघडी आणि वर्दळीपासून थोडी आडोशाला असावी, एवढ्या चार अटी पाळल्या म्हणजे झाले. बैठकीच्या खोलीतील कोपरा, मेजाखालची जागा, कपाट व भिंत ह्यांमधील फट, ह्यांतले काहीतरी बहुतेक घरांत निघते. घरात मांजरे दोन असतील तर ट्रे तीन असावेत, म्हणजे मांजरांच्या संख्येहून एक अधिक, असे जाणकार सांगतात. जागेची अडचण असली तरी निदान मांजरागणिक एक ट्रे हवाच.

एवढी सिद्धता झाली की प्रत्यक्ष वळण लावण्याचे काम थोडे व सौम्य आहे. पहिले काही दिवस पिलाला सारे घर मोकळे करून देऊ नये. एका लहान खोलीत त्याचे अंथरूण एका बाजूस आणि ट्रे दुसऱ्या बाजूस ठेवावा. पाच आठवड्यांच्या पिलाला घाई झाल्यावर लांबच्या खोलीतून ट्रेपर्यंत पोहोचणे जमत नाही, आणि वाटेत जे घडते त्याला खोडी म्हणता येत नाही. झोपेतून उठल्यावर, जेवण झाल्यावर आणि खेळून दमल्यावर त्याला उचलून हलकेच ट्रेमध्ये ठेवावे. अन्न पोटात गेले की आतड्यांना चालना मिळते, म्हणून जेवणानंतरची काही मिनिटे विशेष महत्त्वाची. त्याचे पंजे धरून वाळू उकरून दाखविण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा. पकडलेले पिलू उकरण्याकडे लक्ष देत नाही, सुटण्याकडे देते. त्याऐवजी जवळ बसून बोटाने वाळू किंचित खरवडली तर तो आवाज ऐकून ते स्वतःच उकरू लागते. नको वाटल्यास ते बाहेर येईल; येऊ द्यावे.

मध्येच पिलू कोपरे हुंगू लागले, एकाच जागी गिरक्या घेऊ लागले किंवा फरशी खरवडू लागले तर वेळ आली असे समजावे आणि न ओरडता त्याला ट्रेमध्ये नेऊन सोडावे. पहिल्या एकदोन दिवसांत ट्रे स्वच्छ करताना ओल्या वाळूचा एखादा चमचा तसाच राहू द्यावा. तो वास म्हणजे पिलासाठी पत्ता. बहुतेक पिलांना हा सारा क्रम काही दिवसांत समजतो. मग एकेक खोली मोकळी करून देत जावे. पिलाने हट्टाने एखादा दुसराच कोपरा निवडला असेल तर त्याच कोपऱ्यात ट्रे नेऊन ठेवावा आणि ते रुळल्यावर रोज वीतभर सरकवीत इच्छित जागी आणावा. कुंड्यांतील मातीचा मोह पडत असेल तर मातीवर मोठे गोटे पसरावेत. सारांश, मांजराशी वाद घालून जिंकता येत नाही. परंतु त्याला नको ती जागा गैरसोयीची आणि हवी ती सोयीची करून दिली तर वाद करण्याचा प्रसंगच येत नाही.

एवढे करूनही चूक घडते, आणि पिलाचे भवितव्य खरोखर ठरते ते अशा वेळी. जुना परिपाठ असा की, पिलाचे नाक त्या घाणीत घासावयाचे आणि एक चापट द्यावयाची. हा उपाय क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. दहा मिनिटांपूर्वी केलेली कृती आणि आता मिळणारी शिक्षा ह्यांचा संबंध पिलाला जोडता येत नाही. त्याला एवढेच समजते की हा माणूस जवळ आला म्हणजे दुखते. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात मांजराला माणसाविषयी विश्वास वाटू लागतो किंवा भीती बसते, आणि त्या वयातील अनुभव आयुष्यभर टिकतो. शिक्षा झालेले पिलू घाण करण्याचे सोडीत नाही. माणसांदेखत करण्याचे सोडते. मग ते पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे, ट्रंकांच्या फटीत जाते, आणि घरातील माणसांना वाटते की हे मुद्दाम लपून खोडी करते.

दुसरी चूक साफसफाईची. डाग दिसताच आपल्या घरांत हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. फिनॉल वर्गातील द्रव्यांचे विष उतरविण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात आहे ती मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे. काळ्या फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून पिलू चालते, मग पंजे चाटते, आणि ते विष पोटात जाते. अमोनियायुक्त द्रवांनी धुण्यातही अर्थ नाही, कारण मूत्राच्या वासातही तोच अंश असतो आणि पिलाला ती जागा पूर्वीचीच वाटते. ताजा डाग आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन शिरक्याचे पाणी लावावे व जागा वाळू द्यावी. गादीसारख्या वस्तूंसाठी वासाचे मूळच नाहीसे करणारी विकरयुक्त द्रावणे मिळतात. वास पूर्णपणे गेल्यावाचून पिलाची आठवण जात नाही.

तिसरे कारण बशीतील दूध. मांजर व दूध ही जोडी गोष्टींतून व म्हणींतून इतकी पक्की झाली आहे की, दूध सोसत नाही असे मांजर असू शकते हे खरे वाटत नाही. वास्तविक आईचे दूध सुटू लागले की दुधातील साखर पचविणारे द्रव्य पिलाच्या आतड्यांत कमी होत जाते. गाईम्हशीचे दूध दिल्यावर पुष्कळ पिलांना ढाळ होतात, आणि ढाळ लागलेल्या पिलाला ट्रेपर्यंत दम धरवत नाही. आईच्या दुधातून जंतही पिलात येतात. म्हणून वळण बिघडले असे वाटताच प्रथम आहार पाहावा, दूधभाताऐवजी पिलांचे योग्य खाद्य व स्वच्छ पाणी द्यावे आणि जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने पाजावे.

नीट वळण लागलेले मोठे मांजर एकाएकी बाहेर घाण करू लागले तर ती तक्रार समजावी, बंड समजू नये. विशेषतः बोका पुनःपुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, कण्हत असेल आणि मूत्राचा थेंबही पडत नसेल, तर त्याचा अरुंद मूत्रमार्ग तुंबला असण्याचा संभव असतो. ह्यात दोन-तीन दिवसांत प्राण जातात. तेव्हा उद्यावर न टाकता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. ह्याहून वेगळा प्रकार म्हणजे वयात आलेल्या बोक्याने उभ्याने, शेपटी थरथरवीत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारणे. ते शौच नव्हे. ती आपल्या हद्दीची निशाणी होय. त्यावर वळणाचा उपाय चालत नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास, पशुवैद्याच्या सल्ल्याने, शस्त्रक्रिया करून घेतली म्हणजे बहुसंख्य बोक्यांत ही सवय लागत नाही किंवा सुटते.

मांजर घराबाहेर जाण्याचा आणखी एक प्रसंग म्हणजे घरातील सून किंवा लेक गरोदर असणे. मांजरामुळे गर्भाला इजा होते असे कोणीतरी सांगते आणि कालपर्यंत लाडके असलेले मांजर आज पिशवीत जाते. ह्या भीतीत सत्याचा अंश आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, आणि गरोदरपणात त्याचा संसर्ग प्रथमच झाला तर गर्भाला धोका असतो. परंतु मांजर हा परजीवी बहुधा पहिल्या संसर्गानंतर काही दिवस ते दोन-तीन आठवडे एवढाच काळ बाहेर टाकते. शिवाय बाहेर पडलेली त्याची बीजे संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रेमधील घाण रोजच्या रोज उचलली तर धोका पुष्कळ कमी होतो. गर्भवतीने ते काम दुसऱ्यावर सोपवावे. तसे शक्यच नसेल तर हातमोजे घालून करावे व हात साबणाने धुवावेत. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी ह्यांतूनही हा संसर्ग होतो, ह्याकडे मात्र मांजराला बाहेर काढणाऱ्या घरांत क्वचितच लक्ष जाते. शंका असल्यास डॉक्टरांकडून रक्त तपासून घेता येते. मांजराला कच्चे मांस देऊ नये आणि त्याला घरातच ठेवावे, म्हणजे त्यालाही संसर्ग होण्याचे कारण उरत नाही.

शेवटी प्रश्न राहतो तो रोजच्या कामाचा. घाण सकाळ-संध्याकाळ उचलावी लागते, ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी लागते, कारण माती संडासात ओतली तर नळ तुंबतो. साधी माती असेल तर आठवड्याला सारी बदलून ट्रे साबणाने धुऊन उन्हात वाळवावा लागतो. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. परंतु ते कोणी करावयाचे हे पहिल्या दिवशी ठरले नाही, तर जिने पिलू आणा असे कधी म्हटलेच नव्हते त्या गृहिणीच्या वाट्याला ते निमूटपणे येते, आणि तिचा संताप पिलावर निघतो. पुष्कळ पिलांची हकालपट्टी प्रत्यक्षात ह्या न ठरलेल्या कामामुळे होते. ज्या मुलांनी पिलासाठी हट्ट धरला ती दहा-बारा वर्षांची असतील तर खुरप्यासारखा एक जुना झारा त्यांच्या हाती द्यावा, काम झाल्यावर हात धुण्याची शिस्त लावावी, आणि वडिलांनी आपली पाळी चुकवू नये. प्रेम करणे आणि घाण काढणे ह्या दोन वेगळ्या माणसांच्या वाटण्या नव्हेत, हे ज्या घरात मुले लहानपणी शिकतात तेथे पिलाबरोबर मुलांनाही वळण लागते.

पिलाच्या मागण्या मोजल्या तर त्या इतक्याच निघतात: एक ठेंगणा ट्रे, कोरडी वाळू, शांत कोपरा, रोजची सफाई आणि चुकल्यास रागाऐवजी थोडी चौकशी. एवढे ज्या घरात मिळते तेथे आठ-पंधरा दिवसांनी वाळू उकरल्याचा खसखस आवाज एका कोपऱ्यातून येतो, मागोमाग एक लहानसा जीव पंजे झटकीत बाहेर येतो, आणि घरातील कोणी मान वर करूनही पाहत नाही. तो दिवस आला म्हणजे खटला निकालात निघाला. त्या पिलाला सात घरे फिरण्याचे कारण उरत नाही.